पदकांची भाषा : युरोपातील सन्मानचिन्हे कशी ओळखावीत?

काही वर्षांपूर्वी इतिहासाच्या तासाला मी मुलांना सांगितले होते की, आपल्या घरात पन्नास वर्षांपेक्षा जुनी अशी एखादी वस्तू असेल तर ती वडीलधाऱ्यांना विचारून वर्गात आणा. कोणी पानदान आणले, कोणी तांब्याचा लोटा, कोणी आजोबांच्या हातची जमाखर्चाची वही. एका मुलाने रुमालात गुंडाळून एक काळपट गोल बिल्ला आणला होता. तो म्हणाला, "सर, दादी म्हणते हा पणजोबांचा. पितळेचा आहे. मागच्या महिन्यात जुनी भांडी मोडीत दिली तेव्हा हाही जाणार होता."

बिल्ला पितळेचा नव्हता, ब्राँझचा होता. एका बाजूस बादशहा पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ ही दोन साले. मी तो खिडकीपाशी नेला आणि त्याची कड उजेडात धरली. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत एक क्रमांक, एक नाव आणि एका पथकाचे नाव ठोकलेले होते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडल ते! लढणाऱ्या शिपायांना हे पदक चांदीचे मिळत असे. मजूर-पथकांत काम केलेल्या हिंदी, चिनी, माल्टी माणसांना तेच पदक ब्राँझचे मिळे. म्हणजे पणजोबांच्या हाती बंदूक नव्हती, कुदळ-फावडे होते, ही गोष्ट नुसत्या धातूवरून कळली. घरात ती कोणालाच ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील शाळेत आले. पणजोबांच्या भावाचेही असेच एक पदक होते, ते चांदीचे होते आणि घरच्यांनी अडचणीच्या दिवसांत सोनाराला वजनावर दिले, असे ते सांगत होते. त्यात त्यांचा दोष नाही. १९७९-८० साली चांदीचे भाव एकाएकी चढले तेव्हा खुद्द इंग्लंडात या जातीची असंख्य पदके मुशीत गेली. परंतु चांदी पुन्हा विकत मिळते, कडेवरचे नाव पुन्हा मिळत नाही. त्या प्रसंगापासून या विषयाची मला गोडी लागली. पदक ही एक छोटी सनद आहे आणि ती वाचता येते, एवढेच या लेखात पालकांना व विद्यार्थ्यांना सांगावयाचे आहे.

पदकाचा उगम

आपण ज्याला सरसकट 'मेडल' म्हणतो त्याचे तीन निरनिराळे प्रकार आहेत. पहिला प्रकार स्मारक-पदकांचा. ही छातीवर लावण्यासाठी नसतात. एखाद्या व्यक्तीची वा घटनेची आठवण म्हणून ती पाडली जातात. दुसरा प्रकार शौर्याबद्दल किंवा सेवेबद्दल मिळणाऱ्या, फितीला अडकवून छातीवर लावावयाच्या पदकांचा. तिसरा प्रकार 'ऑर्डर' म्हणजे सन्मान-श्रेणींचा. येथे चिन्ह मिळते त्याबरोबर माणूस एका मंडळाचा सदस्य होतो आणि त्या मंडळात चढत्या पायऱ्या असतात. एखादी वस्तू हाती आली की ती या तिहींपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे आधी ठरवावे. वर कडी किंवा भोक नसेल तर ते बहुधा स्मारक-पदक होय.

युरोपातील स्मारक-पदकांचा इतिहास इटलीत सुरू होतो. १४३८ साली बायझंटाईन बादशहा आठवा जॉन उस्मानी तुर्कांविरुद्ध मदत मागण्यासाठी इटलीत फेरारा येथे आला होता. पिसानेल्लो नावाच्या चित्रकाराने त्याचा चेहरा धातूत ओतला. प्रबोधनकाळातील व्यक्तिचित्र-पदकांत हे पहिले मानले जाते. त्या बादशहाला पुरेशी मदत मिळाली नाही. १४५३ साली सुलतान दुसरा मुहम्मद याने कॉन्स्टँटिनोपल जिंकले. आणि गंमत अशी की, पुढे याच सुलतानाने इटालियन कलावंतांकडून आपली चित्रे व पदके करवून घेतली! जेंतिले बेल्लिनी व कोस्तान्झो या दोघांनी केलेली सुलतान मुहम्मद फातिहची पदके आजही युरोपातील संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत. हरलेल्याचे व जिंकलेल्याचे, दोघांचेही चेहरे एकाच देशाच्या कारागिरांनी जपून ठेवले.

चार जागा तपासाव्यात

पदक ओळखताना चार जागा पाहावयाच्या : दर्शनी बाजू, मागची बाजू, कड आणि फीत. दर्शनी बाजूवरून ते देणारा कोण हे कळते. मागच्या बाजूवर बहुधा कारण लिहिलेले असते. फितीचे रंग ठरलेले असतात. नवखा माणूस या तीन जागा पाहतो आणि कड विसरतो. जाणकार मात्र कडेपासून सुरुवात करतो.

पॅरिसच्या टांकसाळीचेच उदाहरण घ्या. या टांकसाळीने आपल्या पदकांच्या कडेवर वेळोवेळी निरनिराळ्या खुणा ठोकल्या. १८४५ ते १८६० या काळात बोट दाखवणारा हात, १८६० ते १८७९ या काळात मधमाशी आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेले शिंग, व त्याशेजारी धातूचे नाव. आता समजा, कोणी नेपोलियनच्या लढाईचे पदक दाखवले, त्यावर १८०५ साल आहे, आणि कडेवर शिंगाची खूण आहे. ते पदक खोटे नाही, पण १८०५ चेही नाही. जुन्या ठशावरून १८८० नंतर केव्हातरी ते पुन्हा पाडले गेले. पदकावरचे साल घटनेचे असते, पदक केव्हा पाडले ते कडेला विचारावे लागते.

नकली पदके ओळखण्याचीही एक सोपी रीत आहे. खरे पदक बहुधा पोलादी ठशाखाली दाबून पाडलेले असते. त्याची अक्षरे धारदार असतात. नकल करणारा खऱ्या पदकाचा साचा घेऊन त्यात धातू ओततो. धातू निवताना थोडा आकसतो, म्हणून अशी नक्कल मूळ पदकापेक्षा किंचित लहान भरते. तिची अक्षरे बोथट दिसतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात, आणि कडेवर पुष्कळदा सांध्याची रेघ राहते. साधे भिंग, मोजपट्टी आणि तराजू एवढ्यावर बरेचसे काम भागते.

फ्रान्सची दोन चिन्हे

१९ मे १८०२ रोजी नेपोलियनने 'लिजन ऑफ ऑनर' ही सन्मान-श्रेणी स्थापन केली. सेनापती आणि शास्त्रज्ञ, शिपाई आणि कायदेपंडित या सर्वांना एकच चिन्ह, आणि कुळाची अट नाही, हे तिचे वैशिष्ट्य. पांढऱ्या मीनाकामाच्या पाच पाकळ्या आणि तांबडी फीत हे तिचे रूप आजवर फारसे बदललेले नाही. मधली चकती मात्र राज्याबरोबर बदलत गेली. आरंभी तेथे नेपोलियनचा चेहरा होता. १८१४ साली बूर्बाँ राजे परत आले तेव्हा त्याच्या जागी चौथ्या हेन्री राजाचा चेहरा आला. पुढे दुसरे साम्राज्य आले आणि नेपोलियन परतला. १८७० साली प्रजासत्ताक झाल्यावर प्रजासत्ताकाचे प्रतीक असलेल्या स्त्रीचे मुख आले, वरचा मुकुट जाऊन पानांची माळ आली, आणि भोवती १८७० हे साल आले. १९५१ साली ते सालही गेले. फ्रान्सचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास पाठ करण्यास जड जातो, असे मुले म्हणतात. ही पाच-सहा चिन्हे क्रमाने मांडली की तो डोळ्यांपुढे उभा राहतो.

दुसरे चिन्ह आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. १८०८ साली नेपोलियनने विद्यापीठातील अध्यापकांसाठी काही मानाच्या पदव्या ठरवल्या; त्यांची खूण म्हणून पोशाखावर पानांच्या दोन डहाळ्या भरलेल्या असत. १८६६ साली शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई यांच्या काळात या डहाळ्या कापडावरून उतरून धातूच्या झाल्या व फितीला लटकू लागल्या. अध्यापकांखेरीज शिक्षणाला हातभार लावणाऱ्या इतर नागरिकांनाही त्या मिळू लागल्या. १९५५ साली तिची रीतसर तीन पायऱ्यांची श्रेणी झाली. जांभळ्या फितीला अडकवलेल्या दोन डहाळ्या कोठे दिसल्या तर खुशाल समजावे की हा मान विद्येच्या सेवेबद्दल मिळालेला आहे. तलवार नाही, मुकुट नाही, फक्त पाने!

येथे प्येर क्यूरी यांची आठवण होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांना लिजन ऑफ ऑनर देण्याचे घाटत होते. मला पदकाची गरज वाटत नाही, प्रयोगशाळेची मात्र फार गरज आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी कळवले. पदक देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी दोघांनीही ध्यानात ठेवावे असे हे उत्तर आहे.

उर्दू वाचणाऱ्यांना सोपे

युरोपातील संग्राहकांना कित्येकदा एका चिन्हापाशी अडखळावे लागते. चांदीच्या किरणांचा सात टोकांचा तारा, किरणांच्या मधोमध बारीक चंद्रकोरी व चांदण्या, मध्ये सुलतानाचा तुग्रा आणि भोवती तांबड्या मीन्यावर अरबी वळणाची सोनेरी अक्षरे. हे चिन्ह उस्मानी सल्तनतीच्या 'मजीदिया' श्रेणीचे. सुलतान अब्दुल मजीद यांनी ते सुरू केले. क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) ब्रिटन व फ्रान्स तुर्कांच्या बाजूने लढले, तेव्हा त्यांच्या कित्येक अधिकाऱ्यांना हे मिळाले; म्हणून आज ते इंग्रज-फ्रेंच घराण्यांच्या पेटाऱ्यांतून निघते.

त्यावर काय लिहिले आहे? आपल्या शाळांतील उर्दू वाचणारा कोणताही विद्यार्थी थोड्या प्रयत्नाने ते वाचू शकेल : गैरत, हमीयत, सदाकत. खाली साल आहे १२६८. हे हिजरी साल असून ते इसवी सन १८५१-५२ मध्ये पडते. म्हणजे जी लिपी आपण घरच्या घरी शिकतो, ती युरोपच्या इतिहासाचे एक कुलूप उघडते. एक भाषा जास्त येणे म्हणजे एक किल्ली जास्त असणे, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

याच युद्धात सुलतानाने दोस्त सैन्यांच्या शिपायांनाही एक पदक दिले. इंग्रजांसाठी, फ्रेंचांसाठी आणि सार्डिनियाच्या सैन्यासाठी त्यावरील अक्षरे वेगवेगळी होती. पण इंग्रजांची पदके घेऊन जाणारे जहाज बुडाले, म्हणून पुष्कळ इंग्रज शिपायांना सार्डिनियासाठी पाडलेली पदके वाटण्यात आली. हे माहीत नसणारा संग्राहक इंग्रज शिपायाच्या पदकांत ते इटालियन अक्षरांचे पदक पाहून ते चुकून मिसळले असे समजतो आणि बाजूला काढतो. ओळखण्याच्या कामी धातूइतकेच घटनेचेही ज्ञान लागते ते असे.

नागरिकांचे शौर्य, आणि नूर इनायत खान

शौर्य रणांगणावरच असते असा पूर्वी समज होता. बुडत्याला वाचवणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये १८६६ साली अल्बर्ट मेडल सुरू झाले. १८७७ पासून जमिनीवरील बचावकार्यासाठीही ते मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले आणि आग विझवणारे, ढिगाऱ्यातून माणसे काढणारे, न फुटलेले बॉम्ब निकामी करणारे असे कितीतरी वीर दिसू लागले. तेव्हा २४ सप्टेंबर १९४० रोजी सहाव्या जॉर्जने मुख्यतः नागरिकांसाठी जॉर्ज क्रॉस सुरू केला. चांदीचा साधा क्रूस, मध्ये अजगराशी लढणारा सेंट जॉर्ज, भोवती 'शौर्याबद्दल' या अर्थाचे शब्द, गडद निळी फीत, आणि मागे मानकऱ्याचे नाव. पूर्वीच्या काही पदकांच्या हयात मानकऱ्यांना १९४० मध्ये व पुढे १९७१ मध्ये ती बदलून जॉर्ज क्रॉस देण्यात आला. म्हणून १९४० च्या आधीच्या कृत्याबद्दलचा जॉर्ज क्रॉस दिसला तर तो नकली ठरवण्याची घाई करू नये.

याच क्रॉसच्या मानकऱ्यांत एक नाव आहे नूर इनायत खान. वडील हजरत इनायत खान हे बडोद्यात जन्मलेले संगीतज्ञ व सूफी. त्यांचे आजोबा मौला बक्ष हे सयाजीरावांच्या बडोद्यात संगीतशाळा चालवणारे नामांकित गायक. त्यांच्या पत्नीकडून टिपू सुलतानाच्या घराण्याशी नाते. नूर १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत जन्मली, फ्रान्समध्ये वाढली. मुलांसाठी गोष्टी लिहिणारी ही शांत, लाजरी मुलगी. १९३९ साली जातककथांचे तिचे पुस्तक निघाले. फ्रान्स पडल्यावर ती इंग्लंडात आली, हवाई दलाच्या महिला शाखेत बिनतारी संदेशाचे काम शिकली आणि जून १९४३ मध्ये गुप्तपणे जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. थोड्याच दिवसांत तिचे बहुतेक सहकारी पकडले गेले. परत ये असे सांगितले असताही ती राहिली. संदेशयंत्र घेऊन ती जागा बदलत राहिली. ऑक्टोबरमध्ये फितुरीने ती सापडली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला ठार करण्यात आले. तिचे वय तीस होते.

१९४६ साली फ्रान्सने तिला मरणोत्तर क्रवा द गेर दिला. हा ब्राँझचा क्रूस असतो आणि मान किती मोठा हे फितीवरच्या ताऱ्यावरून ओळखावयाचे असते. तिच्या फितीवर सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा तारा होता. १९४९ साली ब्रिटनने जॉर्ज क्रॉस दिला. दोन देशांची दोन पदके, आणि घ्यायला ती स्वतः हजर नाही. संग्राहकाच्या यादीत ही एका ओळीची नोंद असते. त्या ओळीमागे एवढे सगळे असते.

प्रत्येक पदक वंद्य नसते

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. निळ्या मीनाकामाचा लांबट, नाजूक क्रूस, निळी-पांढरी अरुंद फीत, मागे १६ डिसेंबर १९३८ ही तारीख व हिटलरची सही. दिसावयास सुंदर असे हे चिन्ह जर्मन मातांसाठी होते. चार मुले असतील तर ब्राँझ, सहा असतील तर चांदीचा रंग, आठ असतील तर सोन्याचा. पण अट अशी होती की आईबाप दोघेही 'जर्मन रक्ताचे' पाहिजेत. ज्यू मातेला ते मिळू शकत नव्हते. आईपणाचा सन्मान वरवर दिसतो. आत वंशद्वेष भरलेला आहे. म्हणून पदक वाचताना ते कोणाला दिले हे विचारावे, तसेच कोणाला मुद्दाम वगळले हेही विचारावे. अशी वस्तू संग्रहात ठेवावयाची ती पुरावा म्हणून, कौतुक म्हणून नव्हे.

कैसर-ए-हिंद

आपल्या देशाशी संबंध असलेले एक ब्रिटिश नागरी पदक म्हणजे कैसर-ए-हिंद. रोमन 'सीझर' अरबी-फारसीत 'कैसर' झाला, आणि राणी व्हिक्टोरियासाठी लाहोरच्या सरकारी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. लाइटनर यांनी 'कैसर-ए-हिंद' हा किताब सुचवला. हिंदुस्थानातील लोकसेवेबद्दल द्यावयाचे या नावाचे पदक १९०० साली निघाले. आकार लंबगोल, फीत गडद निळी. एका बाजूस राजाची आद्याक्षरे, दुसऱ्या बाजूस लोकसेवेचा उल्लेख. पहिल्या वर्गास सोने, दुसऱ्यास चांदी. ब्राँझ पुढे आले. पंडिता रमाबाईंना ते १९१९ साली मिळाले होते.

गांधीजींना दक्षिण आफ्रिकेतील सेवेबद्दल १९१५ साली याचे सुवर्णपदक मिळाले. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी ते, आणि बोअर व झुलू युद्धांतील शुश्रूषेबद्दलची आपली दोन पदके, व्हाइसरॉयकडे परत पाठवली. कारणे दोन : खिलाफतीच्या प्रश्नावर मुसलमानांना दिलेला शब्द मोडला गेला, आणि पंजाबात झालेल्या अत्याचारांचे परिमार्जन झाले नाही. हकीम अजमल खान यांनीही त्याच वर्षी सरकारी किताब व पदके सोडून दिली. सन्मान परत करणे हाही इतिहासातील एक लेखच होय. देणाऱ्याची नियत पालटली तर छातीवरचे सोने लोखंडाहून जड होते.

जतन कसे करावे

आता थोडे व्यवहाराचे. पालकहो, घरात असे काही असेल तर प्रथम ते घासू नका. चिंच, राख, पॉलिश यांनी पदक चकाकते, पण बारीक अक्षरे आणि शंभर वर्षांचा रंग दोन्ही निघून जातात. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी, एवढेच पुरे. फाटकी फीत फेकू नका. ती ओळखीची खूण आहे. मूळ डबी, सनद, पेन्शनचे कागद, फोटो हे सर्व पदकाबरोबरच ठेवा. भावाभावांत वाटणी करताना एकाच माणसाची पदके वेगळी करू नका. ती एकत्र असली तरच त्याची पूर्ण हकीकत सांगतात. शंभर वर्षांपेक्षा जुन्या ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात असावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही एक वही घाला. पदकाच्या चारही जागांचे वर्णन, व्यास, वजन, कडेवरील अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्या. कडेवर नाव नसले तरी निराश होऊ नका. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक ब्रिटिश पदके नावाशिवायच दिली गेली. ब्रिटिश सन्मानांच्या याद्या 'लंडन गॅझेट'मध्ये छापल्या जात आणि त्या आज घरबसल्या पाहता येतात. लिजन ऑफ ऑनरच्या जुन्या मानकऱ्यांची कागदपत्रेही फ्रान्सने अशीच खुली केली आहेत. आणि सर्वात आधी घरातील वृद्ध माणसाजवळ बसून विचारा. गॅझेट उद्याही मिळेल, दादी उद्या भेटेलच असे नाही.

कोकणकिनाऱ्यावरील ज्या घरांतली माणसे बोटीवर गेली त्यांना एक फीत सहज समजेल. पहिल्या महायुद्धात धोक्याच्या समुद्रातून व्यापारी जहाजे नेणाऱ्या खलाशांसाठी ब्रिटनने ब्राँझचे एक पदक काढले. त्याची फीत हिरवी आणि तांबडी, मध्ये पांढरी रेघ. जहाजाच्या उजव्या अंगाचा हिरवा दिवा, डाव्या अंगाचा तांबडा आणि डोलकाठीवरचा पांढरा! मुंबईत मशीद बंदरनजीकच्या खलाशांच्या वसतिगृहात त्या युद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारक आहे. समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही.

त्या मुलाच्या पणजोबांचे पदक आज त्यांच्या घरी काचेच्या लहान पेटीत आहे. शेजारी मुलाने आपल्या हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे : नाव, पथक, साल, आणि खाली एक ओळ, 'हे मजूर म्हणून गेले आणि परत आले.' सोनाराच्या तराजूत त्या पदकाचे काही मोल होणार नाही. पण त्या घरातील पुढच्या मुलाला आपण कोणाचे कोण, हे विचारण्यासाठी आता कोठे जावे लागणार नाही.